बोटे गारठण्याआधी

चिंचवडच्या एमआयडीसीत मे महिन्यात पत्र्याखाली उभ्या असलेल्या फिटरला कडाक्याच्या थंडीची तयारी कशाला हवी, असे कुणालाही वाटेल. पुण्याच्या वेधशाळेतला आजवरचा नीचांक १.७ अंश सेल्सियस, आणि तोही जानेवारी १९३५ मधला. शून्याखालचा पारा या पट्ट्याला ठाऊक नाही. पण गोव्यात वास्कोला असलेले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी माणसे निवडते, तेव्हा शास्त्रज्ञांच्या जोडीला वाहन मेकॅनिक, जनरेटर सांभाळणारा, वेल्डर, प्लंबर, सुतार, इलेक्ट्रिशियन, बॉयलरचा जाणकार आणि स्वयंपाकीही लागतात. यातले बहुतेक धंदे मोरवाडीच्या आयटीआयपासून चाकणच्या शेडपर्यंत रोज शिकवले आणि केले जातात. शिवाय अंटार्क्टिकातल्या भारताच्या ‘मैत्री’ केंद्राची इमारत आखली ती दिघीच्या संरक्षण संशोधन आस्थापनेने, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या शेजारीच.

प्रश्न असा आहे : ज्याची सगळी विद्या बोटांच्या टोकांत आहे, त्या कारागिराने उणे वीस-तीस अंशांत काम करण्यासाठी तयारी करायची ती कशाची? हाताची, अवजारांची, की कामाच्या पद्धतीची? शरीरशास्त्रज्ञांनी, ध्रुवावर गेलेल्या सुतारांनी, काश्मीरच्या कारागिरांनी आणि कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी याची उत्तरे आपापल्या परीने दिली आहेत. ती शेजारी शेजारी मांडली, की एक गोष्ट ठळक दिसते. थंडीतले चांगले काम बरेचसे उबेत, महिनोन्‌महिने आधी झालेले असते.

सुरुवात हातापासून. थंडी वाजू लागली की शरीर आधी काळीज, फुप्फुसे आणि मेंदू सांभाळते. त्यासाठी हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. बोटे बारीक असतात, त्यांचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने मोठा असतो आणि त्यांच्यात स्वतःची ऊब निर्माण करणारा स्नायू जवळजवळ नसतो. बोट वाकवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात, तिथून ते दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटे ओढतात. म्हणून केवळ हातमोजा घालून भागत नाही. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग गारठला, तरी मुठीतला जोर जातो. हा साधा मुद्दा अनेक जण विसरतात आणि तोकड्या बाहीचे जाकीट घालून वर महागडे हातमोजे चढवतात.

हाताच्या कातडीचे तापमान पंधरा अंशांच्या आसपास उतरले, की बारीक काम बिघडू लागते. नट आट्यावर नीट बसत नाही, वॉशर सुटतो, गाठ सैल पडते. कातडी आठ अंशांजवळ आली, की स्पर्शच बोथट होतो. आपण स्क्रू धरला आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावे लागते. सांध्यांमधले वंगण घट्ट होते आणि मज्जातंतूंमधून संदेश सावकाश जातो. सगळ्यात वाईट म्हणजे वेदना आधी वाढते आणि मग थांबते. ती थांबली की माणसाला बरे वाटते, पण तीच धोक्याची खूण असते, कारण त्यापुढची पायरी हिमदंशाची.

हात थंडीला सरावतो का? या प्रश्नावर जवळजवळ शंभर वर्षे काम चालू आहे. १९३० मध्ये इंग्लंडच्या थॉमस लुइस यांनी दाखवले, की बोट बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवले तर काही मिनिटांनी रक्तवाहिन्या आपोआप उघडतात, बोट थोडे ऊबदार होते, पुन्हा गारठते, पुन्हा उघडते. १९६० मध्ये कॅनडाच्या गॅस्पे किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची तपासणी झाली. वर्षानुवर्षे गार पाण्यात जाळी ओढणाऱ्या त्या हातांनी थंडी इतरांपेक्षा चांगली सोसली. यावरून रोज बर्फाच्या पाण्यात हात बुडवले की हात तयार होतात, अशी समजूत पसरली. नंतरच्या प्रयोगांनी ती पक्की केली नाही. सरावाने वेदना कमी होते हे बऱ्याच ठिकाणी दिसले. बोटे खात्रीने अधिक उबदार राहतात असे मात्र सरसकट दिसले नाही. म्हणजे नुसत्या बर्फस्नानाने माणूस धीट होतो, बोटे सुरक्षित होतातच असे नाही, आणि ही जोडी धोक्याची आहे. चिंचवडच्या एखाद्या तरुणाने निवड झाल्यावर बादलीत बर्फ टाकून तालीम सुरू करावी, असा सल्ला या माहितीच्या जोरावर देता येत नाही.

उलट आपल्याकडच्या कामगारांसाठी एक तपासणी फार मोलाची आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष जाते. फाउंड्रीत कास्टिंग घासणारे, दिवसभर हँड ग्राइंडर किंवा न्यूमॅटिक हातोडी चालवणारे कामगार वर्षानुवर्षे कंपन सोसत असतात. अशा हातांच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दुखावतात आणि गारव्यात बोटे पांढरीफटक पडतात. अमेरिकेच्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातल्या चुनखडीच्या पाथरवटांची अशी ‘मेलेली बोटे’ १९१८ मध्येच नोंदवली होती. भोसरी-चिंचवडच्या उकाड्यात हे दुखणे वर्षानुवर्षे झाकलेले राहू शकते. लडाखच्या किंवा अंटार्क्टिकाच्या पहिल्या सकाळी ते उघड होईल. ग्राइंडरवर उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला थंडीच्या कामावर पाठवण्याआधी त्याच्या बोटांची तपासणी व्हायलाच हवी. तंबाखूचेही तसेच. बिडी-सिगारेटमधले निकोटीन रक्तवाहिन्या आवळते. मद्य कातडीला क्षणभर ऊब देते आणि अंगातली ऊब बाहेर सोडते. थंडीत ‘एक घोट’ हा सल्ला म्हणूनच घातक आहे.

मग हात उबदार ठेवायचा कसा? इथे शास्त्र आणि लोकपरंपरा एकाच ठिकाणी येऊन भेटतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या संरक्षण संशोधकांनी शून्याखालच्या थंडीत प्रयोग केले आणि त्यांत बोटांऐवजी छाती-पोट तापवले. धड पुरेसे गरम असेल तर शरीर हातांकडचे रक्त तोडत नाही, आणि उघडे हातही बराच वेळ कामाचे राहतात. काश्मीरमध्ये हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवस चिल्लई कलाँ ही कडाक्याची थंडी चालते, तेव्हा शालींवर सोझनीचे बारीक भरतकाम करणारे कारागीर फेरन या सैल झग्याच्या आत कांगडी घेऊन बसतात. वेताच्या टोपलीतल्या मातीच्या भांड्यात निखारे असतात. धड तापते, हात मधूनमधून आत जातात, आणि सुई चालू राहते. कांगडीने वर्षानुवर्षे भाजलेल्या कातडीवर कर्करोग होतो हेही तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहे, त्यामुळे तिची नक्कल नको. तत्त्व मात्र घ्यावे : हातमोज्याआधी बंडी पाहावी. घाम धरून ठेवणाऱ्या सुती बनियनऐवजी अंगालगत लोकरीचा किंवा घाम बाहेर सोडणारा कृत्रिम धाग्याचा थर हवा.

हातमोज्यांबाबत एकच मोजा सगळे काम करील ही अपेक्षा सोडावी लागते. अनुभवी माणसे थर वापरतात : आत पातळ मोजा, त्यावर लोकरीचा, सर्वांत वर सगळी बोटे एकत्र ठेवणारा मिटन, आणि मिटन वाऱ्याने उडू नये म्हणून गळ्यात दोरी. बारीक कामासाठी मिटन काढायचा, पण आतला पातळ मोजा कधीच काढायचा नाही. उघडी कातडी गोठलेल्या लोखंडाला चिकटते आणि सोडवताना सोलली जाते. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एसीजीआयएच या संस्थेचे मार्गदर्शक आकडे या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगे आहेत. हवा १६ अंशांच्या खाली असेल आणि उघड्या हातांनी दहा-वीस मिनिटांहून जास्त बारीक काम करायचे असेल, तर गरम हवा किंवा तापलेली पट्टी यांसारखी हात शेकण्याची सोय हवी. हवा उणे एकच्या खाली गेली, की अवजारांच्या धातूच्या मुठींना ऊबरोधक आवरण हवे. पेट्रोल, अल्कोहोल, साफसफाईची द्रावणे चार अंशांखाली हातावर सांडू देऊ नयेत, कारण ती उडून जाताना आणखी उष्णता ओढतात. आपल्या गॅरेजमध्ये पेट्रोलने हात धुण्याची सवय किती मुरलेली आहे हे पाहता, हा शेवटचा नियम इथल्या मेकॅनिकला सर्वांत आधी शिकवायला हवा.

अवजारांपाशी आले, की पिंपरी-चिंचवडचा माणूस आपल्या घरात येतो. मोजमापाचे जगभरचे प्रमाण तापमान २० अंश आहे. उणे तीस अंशांत पोचलेला शंभर मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट सहा शतांश मिलिमीटरच्या आसपास आकसतो, आणि तेवढ्याच मापाचे ॲल्युमिनियमचे हाउसिंग जवळजवळ त्याच्या दुप्पट. चाकणला बरोबर बसलेला बेअरिंग तिथे आवळला जातो. ग्रीस घट्ट होते, साधी पीव्हीसी वायर वाकवताना तडकते, रबरी सील कडक होतात, बॅटरी निम्म्या ताकदीची उरते. साध्या डिझेलमध्ये मेण धरते. लडाख, कारगिल, काझा, केलाँगसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले ते याचसाठी. वेल्डरचे नियम वेगळेच आहेत. अमेरिकी वेल्डिंग संहितेनुसार आसपासची हवा उणे वीसच्या खाली असेल तर पोलादी बांधकामाचे वेल्डिंग करू नये, आणि मूळ धातू शून्याखाली असेल तर तो आधी किमान २० अंशांपर्यंत तापवावा. गार प्लेटवर सांधा फार लवकर थंड होतो, दंवातून आलेला हायड्रोजन आत अडकतो आणि वरून सुबक दिसणारा सांधा आतून तडकतो. ज्याने चिंचवडमध्ये इलेक्ट्रोड ओव्हनमध्ये वाळवून घेण्याची शिस्त पाळली, त्याला तिथे नवे फार काही शिकावे लागत नाही. ज्याने ती टाळली, त्याला लागते.

या शहरात अतिशीत वस्तू रोज हाताळणारी माणसेही आहेत, पण त्यांच्या कौशल्याकडे या दृष्टीने कुणी पाहत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या कामात बुश किंवा व्हॉल्व्ह सीट घट्ट बसवायची असेल, तर ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात. त्याचे तापमान उणे १९६ अंश. शंभर मिलिमीटर व्यासाचा पोलादी बुश त्यात सुमारे ०.२ मिलिमीटरने आकसतो, मग तो भोकात सहज शिरतो आणि ऊब धरताच घट्ट आवळतो. हाती वेळ फार थोडा असतो. तिरका शिरला तर अडकतो. म्हणून कसलेला फिटर भांड्यात बुश बुडवण्याआधी भोक पुसतो, दिशा ठरवतो, सांडशी कुठे ठेवायची ते पाहतो, मदतनिसाला उभे राहायची जागा दाखवतो आणि एकदा कोरडी तालीम करतो. त्याचे हातमोजे मुद्दाम सैल असतात, म्हणजे आत द्रव शिरला तर झटकून काढता येतील. पँटचे पाय बुटाच्या बाहेर असतात. एका लिटर द्रवापासून जवळजवळ सातशे लिटर वायू होतो हे त्याला माहीत असते, म्हणून तो बंद खोलीत हे काम करत नाही. काही सेकंदांच्या त्या कामात अंटार्क्टिकाच्या तयारीचे सगळे सार आहे. उघड्या हाताने करायच्या हालचाली आधी मोजायच्या, आणि मग त्यांतल्या जमतील तेवढ्या गाळायच्या.

ध्रुवाकडे गेलेल्या कारागिरांनी हेच केले. रोआल्ड आमुंडसेनच्या तुकडीतला उलाव्ह ब्यॉलान हा स्कीपटू आणि सुतार. १९११ चा संपूर्ण हिवाळा तो फ्रामहाइमच्या तळावर बर्फात खोदलेल्या कामशाळेत घसरगाड्या रंधत बसला आणि त्यांचे वजन जवळजवळ एक तृतीयांशावर आणले. ऑस्कर विस्टिंगने शिवणयंत्रावर तंबू नव्याने शिवले. सर्वांत शहाणपणाची करामत खोक्यांत होती. शिध्याच्या पेट्यांना वर लहान गोल झाकणे बसवलेली होती, त्यामुळे रोज संध्याकाळी गोठलेल्या दोऱ्यांच्या गाठी सोडाव्या लागत नसत. पेटी गाडीला बांधलेलीच राही, झाकण उघडून हवे ते काढले जाई. एक गाठ सोडायचे वाचले म्हणजे रोज दोनदा बोटे उघडी पडायची वाचली.

तयारीला वेळच मिळाला नाही तर काय होते, ते ध्रुवीय शोधक शॅकल्टनच्या जहाजावरचा सुतार हॅरी मॅकनिश याच्या कामात दिसते. १९१६ च्या एप्रिलमध्ये एलिफंट बेटावर त्याने ‘जेम्स केअर्ड’ या उघड्या होडीला छत घातले. लाकूड घसरगाड्यांचे आणि खोक्यांचे. कॅनव्हास गोठून पत्र्यासारखा झाला होता, तो चरबीच्या चुलीवर थोडा थोडा वितळवून शिवावा लागला. फटी बुजवल्या दिव्याच्या वातीने, चित्रकाराच्या तैलरंगाने आणि सीलच्या रक्ताने. त्या होडीने सुमारे तेराशे किलोमीटरचा समुद्र ओलांडला. हे शौर्य खरेच, पण तयारीचा नमुना म्हणून ब्यॉलानकडे पाहावे.

आर्क्टिकमधल्या इन्युइट स्त्रियांची रीत आणखी जुनी आणि आणखी स्पष्ट. कॅरिबूच्या कातड्याचे हिवाळी कपडे शरद ऋतूत शिवून संपवायचे. अनेक गटांत समुद्राच्या बर्फावर मुक्काम हलल्यावर कॅरिबूचे कातडे शिवण्यास रूढीनेच मनाई होती. जपानमधल्या निइगाताचे विणकर तर थंडीलाच कामाला लावतात. ओजिया-चिजिमी आणि एचिगो-जोफू या रॅमीच्या कापडांचे सूत कोरड्या हवेत तुटते, बर्फाळ हिवाळ्याच्या दमट हवेत टिकते, आणि विणलेले कापड बर्फावर पसरून उजळवले जाते. युनेस्कोने २००९ मध्ये त्यांची नोंद केली.

भारताचा अंटार्क्टिकातला अनुभवही याच दिशेने शिकत गेला. पहिली मोहीम जानेवारी १९८२ मध्ये डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पोचली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ उभे राहिले. नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता याच मोहिमेत होत्या. केंद्र हिमफलकावर होते, काही वर्षांत ते बर्फाखाली गाडले गेले. ‘मैत्री’साठी मग शिर्माकरच्या खडकाळ भागाची निवड झाली आणि इमारत पायांवर उचलून धरली, म्हणजे वाऱ्याबरोबर आलेला बर्फ खालून निघून जाईल. २०१२ मध्ये सुरू झालेले ‘भारती’ केंद्र आणखी पुढे गेले. ते १३४ कंटेनरांच्या सांगाड्यावर बेतलेले आहे. तिथे नेऊन कापाकापी करण्याऐवजी आधीच तयार केलेले भाग नेऊन जोडले गेले. प्रत्येक पिढीबरोबर थंडीत करायचे हातकाम कमी होत गेले, हा या केंद्रांचा फारसा न सांगितलेला इतिहास आहे.

हे हातकाम शून्यावर मात्र कधीच येत नाही. किनाऱ्यापासून मैत्रीपर्यंत शंभर किलोमीटरच्या आसपासची वाट पट्ट्यांवर चालणारी पिस्टेनबुली वाहने सामान ओढत कापतात. पट्टा निसटला की कुणीतरी खाली वाकून पिन बसवावीच लागते. पुण्यात हवामान खात्याने विकसित केलेले ओझोन मोजणारे ओझोनसाँड मैत्रीवरून फुग्याला बांधून सोडले जात आले आहे, आणि तिथे फुग्याची मान आवळणारी गाठ माणसाच्याच बोटांनी पडते.

मोहिमेवर जाणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडमधल्या औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत त्यांना बर्फावर वावरण्याचे प्रशिक्षण मिळते. हिमदंशाचे प्रथमोपचारही पाठ असावे लागतात. भाग चोळायचा नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ऊब द्यायची, पण तो भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवायचाच नाही. हे सगळे आवश्यक आहे. त्याच्या जोडीला आपापल्या धंद्याचा सराव हवा, आणि तो इथे सहज करता येईल. चाकण-तळेगाव पट्ट्यात उणे अठरा-वीस अंशांची शीतगृहे आहेत. आयटीआयच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना एखादा दिवस तिथे न्यावे. एकच काम तीनदा द्यावे : शॉपमध्ये उघड्या हातांनी, शॉपमध्येच हातमोजे घालून, आणि मग शीतगृहात, बाहेर शेकायची सोय व सोबत शिक्षक ठेवून. कुठला नट पडला, कुठे मोजा काढावासा वाटला, कुठला पाना हातात फिरला, हे मुलांनीच लिहावे. मग त्या नटाच्या जागी सैल केल्यावरही निसटून न पडणारा बोल्ट, लहान मुठीच्या जागी टी-हँडल, खुल्या पान्याच्या जागी रिंगपाना असे बदल करून पुन्हा आत जावे. असा सराव शीतगृहातच नोकरी करणाऱ्या रेफ्रिजरेशन मेकॅनिकच्याही उपयोगाचा आहे, आणि त्यांची संख्या अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांहून कितीतरी मोठी आहे.

जुन्या मैत्रीच्या जागी ‘मैत्री-२’ बांधण्याचे नियोजन सुरू आहे. अंटार्क्टिकात बांधकामाला उन्हाळ्याचे मोजके आठवडे मिळतात. तेवढ्यात भाग जोडायचे, नळ बसवायचे, केबल ओढायची, सांधे तपासायचे म्हणजे कसबी हात लागतील, आणि त्यांची निवड जहाज सुटण्याच्या बरीच आधी करावी लागेल.